बेचाळिसावा निकाल

रुस्तावीची मार्शुत्का
पोलाद कारखान्याला वळसा घालून
साडेआठला मला फाटकाशी उतरवते.
पहाऱ्यावरची पोरगी रोज विचारते,
"पुस्तकंच ना, त्सिआला मावशी?"
एकेक उलटं धरून झटकते.
काही पडलं नाही की आत सोडते.

बायकांच्या तुरुंगातलं ग्रंथालय
म्हणजे पूर्वीची इस्त्रीची खोली.
पावसाळी हवेत भिंतींना अजून
ओल्या चादरींचा वास येतो.
पुस्तकं चारशे बारा. त्यातलं एक
कधी फळीवर टेकतच नाही.

त्यात एका गिरणीवाल्यावर खटला आहे.
देवळाची घंटा चोरून वितळवली म्हणे त्यानं.
तीनशे दहा पानं साक्षी, उलटतपासण्या,
पाद्र्याचं खोकणं,
जमीनदाराच्या पोराचे नवेकोरे बूट
(ते कुठून आले, कुणी विचारत नाही),
आणि मग न्यायाधीश उठतो,
चष्मा पुसतो,

पुढचं पान नाही.
फाडलंय. शिवणीच्या दोऱ्यापर्यंत.

सगळ्यात आधी चिडली नाझिब्रोला.
रात्रभर येरझाऱ्या घातल्या, आणि सकाळी
मागच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिल दाबून लिहिलं:
"निर्दोष."
तिच्याखाली मक्वाला. कोर्टात कारकून होती,
लाच घेताना सापडली. अक्षर अजून शिक्क्यासारखं:
"पुरावा अपुरा. खर्च सरकारनं सोसावा."
मग शेजारणीच्या गाईला विष घालून आलेली ती म्हातारी:
"फाशी. लवकर उरका, जेवायची वेळ झाली."

नियमानं मी ते खोडायला हवं होतं.
खोडरबर ड्रॉवरमध्येच होतं.
पण चोर सोडून संन्याशाला सुळी,
ही गोष्ट इथं कुणाला नवी नाही;
नवं एवढंच होतं, की
स्वतःचा निकाल उभ्यानं ऐकलेल्या बायका
दुसऱ्याचा निकाल बसून लिहीत होत्या.
बसून, चहा गार होईस्तोवर.
मी आणखी दोन कोरे कागद चिकटवले.

गुलिको अक्षरं इथंच शिकली.
द्राक्षाच्या वेलीसारखी आपली ही अक्षरं,
एकेका वळणावर बोट ठेवत
सात महिन्यांनी ती शेवटच्या पानाला पोचली.
तिनं निकाल दिला नाही. मला विचारलं,
"त्याच्या बायकोला साक्षीला का बोलावलं नाही?"
पुस्तक मी तीनदा वाचलेलं.
गिरणीवाल्याला बायको होती
हेच मला आठवेना.
घरी न जाता शोधत बसले. पान अठ्ठ्याऐंशी:
शिपाई घराची झडती घेतो,
ती त्याच्यापुढे भाकर ठेवते. दीड ओळ.
नाव नाही.

फेब्रुवारीत झेस्ताफोनीहून पाकीट आलं.
सुटून गेलेल्या एतेरीचं.
आत ते पान. आठ घड्या, कडांना काळपट.
"अपिलाच्या दिवशी बुटात घातलं होतं.
एका आठवड्यात दोन निकाल नको होते मला.
वाचलेलं नाही. माफ करा."
अपिलाचं काय झालं ते तिनं लिहिलं नव्हतं.
लिहायची गरज नव्हती, पुढची पाच वर्षं
ती माझ्याच खोलीत पुस्तकं पुसत होती.

परतीच्या मार्शुत्कात मी ते वाचलं.
स्टॉप चुकला, एवढंच सांगते.
रात्री मैदा शिजवून खळ केली
आणि पान चिकटवलं, पण जागेवर नाही,
एकेचाळीस जणींच्या खाली, अगदी शेवटी.
वर आकडा टाकला: ४२.
लेखकाचंही एक मत.

बुधवारी पुस्तक परत आलं.
खळीनं कागद अजून फुगलेला.
समासात, बोट ठेवून ठेवून लिहावं तसं
गोल, सावकाश अक्षर:

"४३. तिला अजून बोलावलेलं नाही."